बेट निवडण्याआधी ते कशाचं बनलंय ते बघा

प्रश्न असा आहे: हाताशी आठ-नऊ दिवसांची सुटी आहे, उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर जायचंय आणि मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, बाली, श्रीलंका, झांझिबार अशी यादी काढून झाली आहे. यातलं सर्वांत सुंदर कोणतं आणि तिथे गेल्यावर काय चुकवू नये?

मी डायव्हिंग शिकवतो आणि बेटांवरच्या सहली आखून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो. माझं पहिलं सांगणं हेच की सौंदर्यावरून निवड करू नका. फोटोत ही सगळी बेटं सारखीच दिसतात. पांढरी वाळू, पाण्यावर झुकलेला माड, निळंशार पाणी. तिथे गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही काय करत असाल, हे त्या फोटोत कुठेच नसतं. ते ठरतं बेट कशाचं बनलंय यावर. त्याखालोखाल महत्त्व वाऱ्याचं, मग भरती-ओहोटीचं. या क्रमाने विचार केलात तर यादी आपोआप छोटी होते.

मालदीवपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त अपेक्षाभंग मी तिथेच पाहिला आहे आणि सर्वांत जास्त आनंदही तिथेच. हा देश म्हणजे सुमारे १,२०० प्रवाळबेटं, २६ ॲटॉलांमध्ये विखुरलेली. ॲटॉल म्हणजे प्रवाळांचं गोलसर कडं आणि मधे शांत पाण्याचं लगून. अख्ख्या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीच मीटर. डोंगर नाही, नदी नाही, धबधबा नाही. बहुतेक बेटं पायी चक्कर मारायला अर्धा तासही लागत नाही. म्हणजे जे काही बघायचं ते पाण्याखाली. ज्याला मास्क लावून पाण्यात डोकं घालायचंय त्याच्यासाठी मालदीवला तोड नाही. ज्याला ते नकोच आहे त्याने दोन-तीन रात्री राहावं, आठवडाभर नाही.

ही बेटं इतकी सपाट का, याचं उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये दिलं. ज्वालामुखीचं बेट समुद्रातून वर येतं, त्याच्या किनाऱ्याला प्रवाळ वाढू लागतं. पुढे बेट हळूहळू खचत जातं, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतं. शेवटी डोंगर बुडतो आणि कडं तेवढं उरतं. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाक ॲटॉलवर खोल भोकं पाडली, तेव्हा बाराशे मीटरपेक्षा जास्त प्रवाळी चुनखडीच्या खाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. हा सगळा प्रवास अर्ध्यावर थांबलेला बघायचा असेल तर फ्रेंच पॉलिनेशियातलं बोरा बोरा बघावं: मधे ७२७ मीटरचा ओतेमानू डोंगर अजून उभा, भोवती लगून आणि त्याबाहेर प्रवाळाचं कडं.

आणि आपल्याला तर ही गोष्ट घरची वाटावी अशी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा कातळ ज्या तप्त ठिपक्यातून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येणाऱ्या जागेतून, उसळला, त्याच्यावरूनच पृथ्वीचं कवच सरकत गेलं आणि लक्षद्वीप-मालदीवची बुडालेली रांग, मग मॉरिशस, मग रियुनियन असं एकेक घडत गेलं. भारताकडचं टोक सर्वांत जुनं, म्हणून ते बुडालं. मॉरिशस मधल्या वयाचं, म्हणून झिजलेलं आणि प्रवाळाने वेढलेलं. रियुनियन सर्वांत तरुण, तिथे अजून लाव्हा वाहतो. एकाच खाणीतली बेटं, पण प्रत्येकावरची सुटी वेगळी.

मालदीवला जाणार असाल तर बा ॲटॉलमधली हनिफारू खाडी माझ्या यादीत सर्वांत वर. हा ॲटॉल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. मे ते नोव्हेंबर हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, लोक ज्याला पावसाळा म्हणून टाळतात तो. नेमका तेव्हाच भरतीचा प्रवाह प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, या फनेलसारख्या खाडीत ढकलतो आणि ती अडकून बसतात. मग मांटा रे हे मोठे चपटे मासे येतात. तीन-तीन मीटर पंखांची ही जनावरं तोंड उघडं टाकून एकीमागे एक गोल फिरत राहतात, पोट भरेपर्यंत. तुम्ही वर तरंगत असता आणि पांढरं पोट दाखवत एखादी अगदी खालून कोलांटी घेऊन जाते. पाणी त्या वेळी गढूळ असतं, पण ते प्लवकांनी गढूळ असतं आणि म्हणूनच मांटा आलेल्या असतात. तिथे पाठीवर हवेची टाकी लावून डायव्हिंगला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, तेही वाटाड्यासोबत आणि ठरलेल्या वेळेपुरतं. हा नियम मला फार योग्य वाटतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा भरवशाचा काळ. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस मिळाले तर आणखी चांगलं, कारण उधाणाच्या भरतीला प्रवाह जोरदार असतो. पावसाची एखादी सर आली तर येऊ द्या.

देवमासा-शार्क, म्हणजे व्हेल शार्क, बघायचा असेल तर दक्षिण आरी ॲटॉल. तो तिथे वर्षभर दिसू शकतो. अगदी दक्षिणेचं फुवामुला टायगर शार्कसाठी ओळखलं जातं, पण ते सरावलेल्या डायव्हरचं काम. राहण्याबद्दल एकच: रिसॉर्टचं बेट आणि वस्तीचं बेट यांत मोठा फरक आहे. वस्तीच्या बेटावर मद्य मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी ठरवून दिलेला किनारा असतो. ते मान्य असेल तर वस्तीच्या बेटावर देश जास्त कळतो.

लक्षद्वीप याच कुळातलं. ३६ बेटं, सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर, त्यातल्या दहांवर माणसं राहतात. जायला परवाना लागतो, तो आधीच काढावा लागतो. मिनिकॉयचं १८८५ सालचं दीपगृह चढून लगून वरून बघा. प्रवाळाचं कडं म्हणजे काय हे तिथे एका नजरेत कळतं.

आता उंच बेटं. मॉरिशस सुमारे ऐंशी लाख वर्षांचं. डोंगर झिजत झिजत सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरवर आलं आहे आणि बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळभिंत आहे. त्यामुळे सकाळी डोंगर, दुपारी पोहणं असा दिवस इथे सहज जमतो. घरात कोणाला पाणी आवडतं, कोणाला चालणं, कोणाला काहीच नको, अशा कुटुंबाला मी मॉरिशसच सुचवतो. नैर्ऋत्य टोकाचा ल मॉर्न हा कडा चढा. पळून आलेले गुलाम इथे आसऱ्याला राहत, म्हणून २००८ मध्ये तो जागतिक वारसा झाला. पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट एक तासाचा आहे, पण तो तास द्याच. १८३४ पासून करारावरचे मजूर याच बंदरात उतरले, त्यांत मराठी बोलणारेही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

मॉरिशसमधली माझी सर्वांत आवडती जागा मात्र बहुतेक सहलींत नसते. आग्नेय किनाऱ्याजवळचं इल ओ एग्रेट हे २६ हेक्टरचं चिमुकलं बेट. माणूस येण्याआधी मॉरिशसचा किनारा कसा होता, ते इथे पुन्हा उभं करण्याचं काम चालू आहे. एबनीची झाडं, मोकळी फिरणारी मोठी कासवं, गुलाबी कबुतरं. डोडो याच देशातून कायमचा गेला हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९७४ मध्ये मॉरिशसचे केस्ट्रेल, म्हणजे छोटे ससाणे, निसर्गात फक्त चार उरले होते आणि ते परत आणले गेले, हे फार थोड्यांना माहीत असतं. ज्यांनी हे केलं त्यांच्याच संस्थेचे लोक तुम्हाला या बेटावर फिरवतात. मुलांना घेऊन जात असाल तर हे अजिबात सोडू नका.

रियुनियनला विमानाने तासाभरात पोचता येतं, पण सुटीचा स्वभाव पार बदलतो. पितों दे नेज ३,००० मीटरच्या वर, पितों द ला फुर्नेझ हा जागा ज्वालामुखी २,६३२ मीटर. मधे खचलेल्या कढयांसारखी तीन प्रचंड खोरी आहेत, त्यातल्या माफातमध्ये गाडीरस्ताच नाही. वाड्यांवर माणसं राहतात, आणि तिथे जायचं ते पायी किंवा हेलिकॉप्टरने. दोन रात्री माफातमध्ये चालत काढणं हा बेटांवरचा मला माहीत असलेला सर्वांत समृद्ध अनुभव आहे. पोहायला मात्र इथे जाऊ नका. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून लगून आणि देखरेखीखालच्या जागा सोडून पोहण्यावर निर्बंध आहेत, आणि तरुण बेट असल्याने लगूनही फारसं नाही.

सेशेल्स तिसऱ्याच जातीचं. समुद्राच्या मधोमध असलेली बेटं एकतर ज्वालामुखीची किंवा प्रवाळाची असतात. इथली मधली बेटं ग्रॅनाइटची आहेत, सुमारे ७५ कोटी वर्षं जुनी. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटताना मागे राहिलेला तो तुकडा. ला डीगवरच्या आन्स सूर्स दार्जांच्या किनाऱ्यावर जे गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखे खडक दिसतात ते हेच. तिथलं पाणी इतकं उथळ आहे की ओहोटीला गुडघाभर उरतं. पोहायचं असेल तर भरतीची वेळ धरा आणि फोटो हवा असेल तर दुपार उतरू द्या.

प्रालँवरचं व्हॅले द मे हे सेशेल्समधलं न चुकवण्याजोगं ठिकाण. जेमतेम वीस हेक्टरचं ताडांचं जंगल, १९८३ पासून जागतिक वारसा. कोको द मेर हा ताड इथला. त्याचं बी हे जगातलं सर्वांत वजनदार, वीस किलोच्या आसपास भरतं, आणि फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. सकाळी दार उघडताच आत जा. पानं इतकी मोठी आणि कडक आहेत की वारा सुटला की माथ्यावर पत्रे आपटल्यासारखा आवाज होतो. खाली मात्र पानही हलत नाही आणि उजेड हिरवट असतो. काळा पोपट शिट्टी घालतो, तो शोधायला वेळ लागतो. बी विकत घेतलंत तर त्याच्यासोबत अधिकृत परवाना घ्यायला विसरू नका. त्याशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही.

इथे वाऱ्याचा मुद्दा येतो, आणि लोक याच बाबतीत सर्वांत जास्त फसतात. "जुलैमध्ये सेशेल्स कसं?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता किनारा, ते सांगा. मे ते सप्टेंबर आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. तेव्हा आग्नेयेकडे तोंड केलेल्या किनाऱ्यांवर लाटा आणि समुद्री शेवाळ येतं. ला डीगचं ग्रँड आन्स तर त्या काळात पोहायला धोकादायक. त्याच दिवशी प्रालँच्या वायव्येचं आन्स लाझियो आरशासारखं असतं. मॉरिशसलाही तसंच: जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो, पश्चिमेला डोंगराचा आडोसा मिळतो. हवाईच्या मोठ्या बेटावर हिलो चिंब आणि कोना कोरडं, तेही याच कारणाने. बेट जितकं उंच तितका दोन बाजूंचा फरक मोठा. मालदीवला आडोसाच नाही, म्हणून तिथे किनारा बदलून काही साधत नाही.

श्रीलंकेत हा हिशेब दोन मोसमी वाऱ्यांचा आहे आणि तो जमला की बेट वर्षातला बहुतेक काळ खुलं असतं. डिसेंबर ते मार्च दक्षिण आणि पश्चिम किनारा: गॉलचा किल्ला, आणि मिरिसातून निळे देवमासे बघायला जाता येतं. मे ते सप्टेंबर पूर्व किनारा: त्रिंकोमाली, पिजन आयलंड. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाचं तळं आटतं, काठाला कोवळं गवत फुटतं आणि हत्तींचे कळपच्या कळप तिथे उतरतात. सिगिरियाचा पाचव्या शतकातला, सुमारे १८० मीटर उंचीचा खडक दोन्ही हंगामांत सकाळी दार उघडताच चढावा. घरातल्या निम्म्या माणसांना समुद्राचं वेड नसेल तर श्रीलंका मालदीवपेक्षा कितीतरी सरस आहे.

बालीबद्दल एवढंच की दक्षिणेची गर्दी म्हणजे बाली नव्हे. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, पश्चिमेकडच्या कुटासारख्या किनाऱ्यांवर कचरा वाहून येतो, आणि पहिल्यांदा गेलेला माणूस नेमका तिथेच उतरतो. ईशान्येला तुलांबेन गाठा. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज इथल्या किनाऱ्यावर ओढून आणलं होतं. १९६३ मध्ये आगुंग पर्वताचा उद्रेक झाला आणि ते पाण्यात सरकलं. आज ते काठापासून इतकं जवळ आहे की होडी लागत नाही; काळ्या गोट्यांवरून चालत पाण्यात शिरायचं, थोडे पाय मारायचे की जहाजाचा मागचा भाग समोर येतो. नवख्यालाही झेपतं. रात्री तुलांबेनलाच राहा आणि उजाडताच उतरा. दक्षिणेतून येणाऱ्या गाड्या पोचेपर्यंत जहाज जवळजवळ तुमचं एकट्याचं असतं. याउलट शेजारच्या नुसा पेनिदा बेटाजवळचे प्रवाह नवख्यांसाठी नाहीत, मग कोणी कितीही आग्रह करो. जमिनीवर जातिलुविहची भाताची पायऱ्यांची शेतं बघा. गावांनी मिळून पाणी वाटून घेण्याची ‘सुबाक’ नावाची पद्धत २०१२ मध्ये जागतिक वारशात गेली. आणि तारखा ठरवताना न्येपीचा दिवस तपासा. त्या दिवशी सगळं बेट शांतता पाळतं आणि विमानतळसुद्धा पूर्ण दिवस बंद असतो.

भरती-ओहोटीचा धडा झांझिबार शिकवतं. उधाणाला तिथे पाणी चार मीटरच्या आसपास खाली-वर होतं. पूर्व किनाऱ्यावर पाजे इथे ओहोटी लागली की समुद्र दूर प्रवाळभिंतीपर्यंत मागे सरतो, आणि पोहायला आलेली माणसं खोलीत परततात. तसं करू नका. तेव्हाच चपला घालून बाहेर पडा. खुंट्यांच्या ओळींमध्ये दोऱ्या ताणून बायका समुद्री शेवाळाची शेती करताना दिसतात, खळग्यांत तारामासे असतात. समुद्री साळिंदरांवर पाय पडू देऊ नका एवढं सांभाळा. दिवसभर पोहायचं असेल तर उत्तरेचं नुंग्वी, तिथे ओहोटीलाही पाणी राहतं. खोली घेण्याआधी तुमच्या तारखांचं भरतीचं कोष्टक इंटरनेटवर बघा. भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, मिळाले तर पूर्व किनाराही सुखाचा जातो.

प्रवाळाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. १९९८, २०१६ आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये समुद्र तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. दहा वर्षांपूर्वीचे फोटो पाहून जागा निवडू नका. तिथल्या डायव्हिंग केंद्राला सरळ विचारा की आत्ता काय अवस्था आहे. प्रामाणिक केंद्र खरं सांगतं. पाण्यात प्रवाळावर उभं राहू नका, दमलात तर पाठीवर तरंगा. सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली आहे. नियम नसेल तिथेही ती टाळा.

आठ-नऊ दिवसांत दोनपेक्षा जास्त मुक्काम करू नका. होड्या आणि छोटी विमानं प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण दिवस खातात. आणि दिवस लावताना डोंगर आधी, समुद्र नंतर. टाकी लावून खोल गेल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. लगेच उंचावर गेलात, मग ते विमान असो की डोंगर, तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी निदान १८ तास जाऊ द्यावेत. मी २४ धरतो. हवाईत डाइव्ह करून त्याच संध्याकाळी ४,२०० मीटरच्या मौना केआवर सूर्यास्त बघायला जाणं म्हणजे हीच चूक. म्हणून बालीत बातूरचा डोंगर सुरुवातीला उरका आणि तुलांबेन मधल्या दिवसांत ठेवा, आणि झांझिबारमधला शेवटचा कोरडा दिवस स्टोन टाउनच्या गल्ल्यांना द्या.